ज्ञानेश्वरीतील श्वासवर्णन आणि मेरुरज्जूचे शरीरशास्त्र : एका समीकरणाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासयोगाचे जे वर्णन आले आहे, त्याचा आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेत अर्थ लावण्याची प्रथा आता जुनी झाली आहे. सुषुम्ना म्हणजे मेरुरज्जू, इडा आणि पिंगला म्हणजे त्याच्या दोहों बाजूंच्या अनुकंपी तंत्रिकांच्या साखळ्या, चक्रे म्हणजे तंत्रिकांची जाळी, हे समीकरण प्रवचनांतून, योगवर्गांतून आणि सुशिक्षितांच्या संभाषणातून इतके रूढ झाले आहे की, त्याला पुरावा मागण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात या समीकरणाची दोन अंगांनी तपासणी करावयाची आहे. एक अंग भाषेचे, म्हणजे परिभाषेचे आणि अर्थनिर्णयाचे. दुसरे अंग शरीराचे. मेरुरज्जूला इजा झाली असता माणसाच्या श्वासोच्छ्वासाचे काय होते, याविषयी आज जे निश्चित ज्ञान उपलब्ध आहे, त्याच्या कसोटीवर हे समीकरण टिकते की नाही, हे पाहणे.

हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. शके १२१८ मध्ये, म्हणजे इ.स. १२९६ मध्ये, ज्ञानेश्वरांनी जेथे समाधी घेतली, त्या आळंदीच्या एका अंगास चाकण आणि दुसऱ्या अंगास भोसरी-पिंपरी-चिंचवड हा कारखान्यांचा पट्टा आज पसरलेला आहे. उंचीवरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही मेरुरज्जूच्या इजेची आपल्या देशातील प्रमुख कारणे होत. अशा पट्ट्यात ती दुर्मीळ नाहीत. आळंदीपासून फार दूर नसलेल्या खडकी येथे १९७४ पासून लष्करातील अशा जखमींसाठी पुनर्वसन केंद्र चालू आहे. ज्या घरात नित्य ज्ञानेश्वरीचे वाचन होते, त्याच घरात मान मोडून पडलेला तरुण मुलगा असू शकतो. आणि सुषुम्ना म्हणजेच मेरुरज्जू असे ज्याने ऐकलेले आहे, तो बाप सहाव्या अध्यायात मुलाच्या रोगाचा उपाय शोधू लागला, तर त्याला दोष देता येत नाही. दोष असलाच तर समीकरण मांडणाऱ्यांचा. म्हणून त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

२. समीकरणाचा इतिहास

या विचाराला ग्रंथरूप देणाऱ्यांत मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. 'द मिस्टीरियस कुंडलिनी' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२७ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. कुंडलिनी म्हणजे व्हेगस ही मेंदूपासून निघणारी दहावी तंत्रिका होय, असा त्यांचा मुख्य सिद्धान्त. रेळे यांची भूमिका प्रामाणिक होती. हठयोगाची वर्णने थोतांड म्हणून टाकून देणारे आणि ती अगम्य म्हणून पूजणारे असे दोनच पक्ष त्या काळी प्रबळ असता, ती वर्णने परीक्षेच्या टप्प्यात आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि त्या पुस्तकास प्रस्तावना लिहिणारे सर जॉन वुड्रॉफ यांनीच हा सिद्धान्त मान्य केला नव्हता. कुंडलिनी ही शक्ती आहे, एखादी तंत्रिका नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच सुमारास दुसरी एक वाट निघाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डीयान, नौली या क्रिया करीत असता उदरातील दाब किती उतरतो हे प्रत्यक्ष मोजून 'योगमीमांसा' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. येथे पद्धतीतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. रेळे यांनी ग्रंथातील नाम घेतले आणि शरीरात त्याची वस्तू शोधली. कुवलयानंदांनी ग्रंथातील क्रिया घेतली आणि ती करणाऱ्या शरीरात काय घडते हे पाहिले. पहिल्या वाटेने गेले म्हणजे वाद शब्दांचा होतो; दुसऱ्या वाटेने मोजमाप तरी हाती लागते.

३. सहाव्या अध्यायातील शब्दांचे तीन थर

अध्यायातील अभ्यासवर्णन भाषादृष्ट्या एकजिनसी नाही. त्यात किमान तीन थर वेगळे करता येतात.

पहिला थर बाह्य क्रियेचा. टाच कोठे लावावी, हनुवटी कंठाच्या खळगीत कशी बसवावी, पोट कसे आत जाते, हे सर्व इतक्या नेमकेपणाने सांगितले आहे की, त्यावरून चित्र काढता यावे. उड्डीयान या संस्कृत संज्ञेचे येथे 'वोढियाणा' असे रूप येते. व्युत्पत्ती काहीही असो, मराठी ऐकणाऱ्याच्या कानाला त्यात 'ओढणे' या क्रियापदाची आठवण होते आणि क्रियाही तशीच आहे. नाकातून बाहेर जाणाऱ्या वाऱ्याची बारा बोटे ही मर्यादा सांगितली आहे, तीही याच थरातली.

दुसरा थर अनुभवाचा. शरीरात उष्णता उठणे, कोठे काही उलगडल्यासारखे, कोठे शोषून घेतल्यासारखे वाटणे. हे साधकास आतून जाणवते. बाहेरून पाहणाऱ्यास नव्हे.

तिसरा थर सिद्धान्ताचा. कुंडलिनी, इडा-पिंगलांचे एकवटणे, ग्रंथींचे सुटणे, तत्त्वांचा लय. या थरातील संज्ञा स्थिर वस्तूंची नावे म्हणून योजलेल्या नाहीत, याचा पुरावा ग्रंथातच आहे. अभ्यासाच्या एका टप्प्यावर कुंडलिनी हे नाव लोपते आणि तिलाच मारुत हे नाव प्राप्त होते, असे ज्ञानेश्वर स्वतः सांगतात. अवस्था बदलताच जिचे नाव बदलते, ती शवविच्छेदनाच्या मेजावर दाखविता येणारी तंत्रिका कशी असेल? तंत्रिकेचे नाव अवस्थेनुसार बदलत नसते.

समीकरणवाद्यांची चूक ही की, ते तिसऱ्या थरातील शब्दाला पहिल्या थरातील शब्दाप्रमाणे वागवितात. उलटपक्षी, सर्वच वर्णन रूपकात्मक आहे असे म्हणून मोकळे होणारे भाष्यकार पहिल्या थरावर अन्याय करतात. टाच आणि हनुवटी ही रूपके नव्हेत.

४. परिभाषेचे चक्र

समीकरण इतके स्वाभाविक का वाटते, याचे एक कारण मराठी शास्त्रीय परिभाषेच्या घडणीत आहे. मेरुरज्जू या शब्दातील 'मेरू' हे पद योगग्रंथांतील मेरुदंडावरून आलेले आहे. व्हेगस या तंत्रिकेसाठी मराठीत 'प्राणेशा' हे नाव योजलेले आढळते. त्यात प्राण आहे. परिभाषाकारांनी जुन्या शास्त्रांतून शब्द घेतले यात गैर काही नाही. नवा शब्द रुजावयाचा तर त्याला जुन्या मातीची गरज असते. परंतु परिणाम असा झाला की, आजचा मराठी वाचक 'मेरुरज्जू' हा शब्द वाचतो, त्यात मेरुदंड ओळखतो आणि दोन शास्त्रे एकच वस्तू सांगत आहेत असा निष्कर्ष काढतो. ज्या साम्यावरून तो निष्कर्ष काढतो, ते साम्य परिभाषाकारांनीच घातलेले असते. रेळे यांनी इंग्रजीत लिहिले, त्यामुळे त्यांना या चक्राचा दोष लागत नाही. मराठी अनुयायांना मात्र तो लागतो.

याच ठिकाणी दुसऱ्या एका गोंधळाची नोंद केली पाहिजे. शालेय पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोश मेरुरज्जू म्हणतात. वृत्तपत्रे आणि बोलणारे बहुधा मज्जारज्जू म्हणतात. मज्जा हा आयुर्वेदाच्या सप्तधातूंपैकी हाडांतील धातू होय आणि अस्थिमज्जा या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. त्यामुळे मज्जारज्जू म्हणजे मणक्याच्या हाडातील मगज, अशी समजूत होते. सामान्य व्यवहारात तर तोही शब्द नाही. तेथे 'मणका' आणि 'कणा' हे दोनच शब्द. मणका मोडूनही रज्जू सुरक्षित राहू शकतो आणि मणका मोडलेला न दिसताही रज्जूला इजा झालेली असू शकते. 'मणका बसवला, आता चालेल ना?' हा प्रश्न नातेवाईक विचारतात, तो अज्ञानामुळे नव्हे. त्यांच्या भाषेने हाड आणि रज्जू यांना एकच शब्द दिलेला आहे म्हणून. कण्याचा मराठीतील लाक्षणिक अर्थ धैर्याचा आहे. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेने तो घरोघरी नेला. पण त्यामुळेच कणा मोडणे म्हणजे हार, असा अर्थ रुग्णाच्या माथी येतो. १९६५ च्या युद्धात पाठीत गोळी लागून कमरेखाली अधू झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. तो म्हणींचा संकेत त्यांना लागू पडला नाही.

५. शरीराची साक्ष

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. श्वासाची आज्ञा मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेच्या परिसरात, निघते. ती मेरुरज्जूतून उतरते आणि वेगवेगळ्या पातळ्यांवर बाहेर पडते. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खंडांतून निघणाऱ्या तंत्रिका मध्यपटलाला चालवितात. छातीच्या खंडांतून निघणाऱ्या तंत्रिका बरगड्यांमधील स्नायूंना, आणि छातीच्या सुमारे सहाव्या-सातव्या खंडापासून कमरेच्या पहिल्या खंडापर्यंतच्या तंत्रिका पोटाच्या स्नायूंना. म्हणून रज्जूला इजा किती झाली याइतकेच, कोठे झाली हे महत्त्वाचे ठरते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेनने प्राण्यांचा रज्जू निरनिराळ्या उंचीवर छेदून हेच पाहिले होते. मानेत अगदी वर छेद दिला की श्वास थांबतो. मानेत खाली दिला की मध्यपटल चालू राहते आणि छाती स्तब्ध होते.

तिसऱ्या खंडाच्या वर रज्जू पूर्ण तुटला तर यंत्राच्या साहाय्याविना श्वास चालत नाही. तिसऱ्या ते पाचव्या खंडांच्या दरम्यान मध्यपटल अंशतः वाचते. काहींना प्रारंभी यंत्र लागते आणि पुढे सुटते. पाचव्याच्या खाली इजा असेल तर मध्यपटल शाबूत राहते, पण ते एकाकी पडते. ते खाली ओढले जात असता बरगड्यांचे स्नायू छातीला ताठ धरीत नाहीत. परिणामी श्वास घेताना छातीचा वरचा भाग फुगण्याऐवजी आत जातो. काही काळाने स्नायूंना ताठरपणा येऊन बरगड्यांचा पिंजरा घट्ट होतो तेव्हा ही विपरीत हालचाल कमी होते. निरोगी माणसास बसल्यावर श्वास सोपा वाटतो. मानेत इजा झालेल्या रुग्णास आडवे असता अधिक हवा घेता येते. कारण बसल्यावर पोटाच्या सैल भिंतीतून आतड्यांचा भार पुढे ओघळतो, मध्यपटल आधीच खाली सपाट झालेले असते आणि त्याला ओढावयास जागाच उरत नाही. पोटाला पट्टा बांधला की बसलेल्या स्थितीतील श्वास सुधारतो, तो याच कारणाने.

परंतु घेण्यापेक्षा सोडण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. शांत श्वास सोडावयास स्नायू लागत नाहीत. जोराने सोडावयास पोटाचे स्नायू लागतात. खोकला हा जोराचाच उच्छ्वास. प्रथम खोल श्वास, मग कंठद्वार मिटणे, मग पोटाचा जोर, मग एकदम स्फोट. यातील कंठद्वार रुग्णापाशी असते, पोट नसते. कफ साचतो, फुप्फुसाचा भाग मिटतो, न्यूमोनिया होतो. मेरुरज्जूच्या जुन्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत श्वसनसंस्थेचे विकार गणले जातात, ते यामुळे.

आणि व्हेगसचे काय? ती मेरुरज्जूतून जातच नाही. कवटीच्या तळातून निघून ती मानेतून स्वतंत्रपणे छातीत आणि पोटात उतरते. म्हणून मानेत रज्जू तुटलेल्या रुग्णात ती पूर्ण शाबूत असते. उलट, फुप्फुसांना जाणाऱ्या अनुकंपी तंत्रिका छातीच्या वरच्या खंडांतून निघत असल्यामुळे त्या मेंदूपासून तुटतात, आणि व्हेगसला प्रतिपक्ष उरत नाही. श्वासनलिका आकुंचन पावतात, कफ वाढतो. नळीने कफ ओढून घेताना हृदयाची गती धोकादायकपणे मंदावू शकते. रेळे यांच्या समीकरणातली विसंगती येथे उघडी पडते. सुषुम्ना मेरुरज्जू आणि कुंडलिनी व्हेगस असेल, तर कुंडलिनी सुषुम्नेत प्रवेश करते या वचनाला शरीरात जागाच नाही. आणि व्हेगस अबाधित, निरंकुश असलेला रुग्ण योग्याच्या जवळ नव्हे, तर संकटाच्या जवळ असतो.

६. ग्रंथाचे अध्याहृत

तरीही या साक्षीचा उपयोग ग्रंथाला खोटे ठरविण्यासाठी करावयाचा नाही. तिचा खरा उपयोग निराळा आहे. उड्डीयानात श्वास पूर्ण सोडून, कंठ मिटून, बरगड्या उचलाव्या लागतात. त्याने छातीतील दाब उतरतो आणि पोट आत ओढले जाते. बरगड्यांचे स्नायू ज्याच्या आज्ञेत नाहीत, त्याला हे शक्य नाही. मूळबंधाचे तेच. टाचेचा स्पर्श ज्याला कळत नाही, त्याला तर अभ्यासाची पहिली पायरीच नाही. म्हणजे पहिल्या थरातील प्रत्येक क्रियापद एक गोष्ट गृहीत धरून चालते. मस्तकाची आज्ञा टाचेपर्यंत पोहोचते आणि टाचेची जाणीव मस्तकापर्यंत येते, असा अखंड देह. ग्रंथात हे कोठेही सांगितलेले नाही, कारण सांगण्याचे प्रयोजन नव्हते. मेरुरज्जूच्या इजेने हे अध्याहृत प्रथमच दृष्टोत्पत्तीस येते. सहावा अध्याय मेरुरज्जूचे वर्णन करीत नाही. तो मेरुरज्जू शाबूत असल्याचे गृहीत धरतो. दोन विधानांतील हे अंतर भाष्यकारांनी ओळखले असते तर समीकरणाची गरज पडली नसती. आणि रुग्णाच्या बापाला देण्याचे प्रामाणिक उत्तरही यातच आहे. या ओव्या तुटलेला रज्जू सांधण्याचा उपाय म्हणून सांगितलेल्या नाहीत. त्या न तुटलेल्या देहासाठी सांगितलेल्या आहेत.

७. ओवी आणि उच्छ्वास

मात्र ज्ञानेश्वरी आणि श्वास यांचा एक संबंध असा आहे की जो या रुग्णालाही पारखा नाही. तो अर्थात नसून उच्चारात आहे. बोलणे म्हणजे उच्छ्वासाचे नियमन. एका उच्छ्वासात किती अक्षरे बसतात यावर वाक्याचे तुकडे पडतात. मानेत इजा झालेल्या रुग्णाचे बोलणे हलके होते, तुकडे आखूड होतात आणि विराम वाक्यरचनेच्या जोडावर न पडता मध्येच, कधी विभक्तिप्रत्ययाच्या आधी, पडतो. ऐकणाऱ्याला ते मनाच्या दुबळेपणाचे लक्षण वाटते; वस्तुतः ते पोटाच्या स्नायूंचे आहे.

ग्रंथिक ओवीची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तीन सयमक चरण आणि चौथा आखूड. चरणाची लांबी बांधलेली नाही, पण प्रत्येक चरणाअखेर यमकाचा थांबा निश्चित आहे. श्वास कोठे घ्यावा हे छंदच सांगतो, आणि चौथा चरण उच्छ्वास संपत असता संपतो. जात्यावर दळणाऱ्या स्त्रीला श्रमाच्या लयीत ओवी म्हणता येते, ती याच सोयीने. ज्याचा उच्छ्वास आखूड आहे त्याला गद्यापेक्षा अशी बांधलेली रचना म्हणणे सुकर जावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. ऑस्ट्रेलियात चारही अवयव अधू झालेल्या रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात, गायनाच्या सरावाने आवाजाची तीव्रता आणि एका श्वासात स्वर टिकविण्याचा काळ वाढल्याचे आढळले. फुप्फुसांच्या क्षमतेच्या मापांत मात्र तसा निर्णायक फरक पडला नाही. या दोन्ही गोष्टी सारख्याच लक्षात ठेवावयास हव्यात. पारायणाने रज्जू सांधत नाही. परंतु आवाज टिकविण्यास त्याचा हातभार लागू शकतो आणि ते थोडे नव्हे.

८. शब्दांची निवड

चिकित्सेचा शेवट काही व्यावहारिक सूचनांनी करणे योग्य होईल. पहिली, शिक्षणात आणि रुग्णालयात मेरुरज्जू हाच शब्द वापरावा आणि कणा, मणका यांपासून तो प्रत्येक वेळी वेगळा करून सांगावा. 'हाड वेगळे, हाडाच्या पोकळीतली दोरी वेगळी' एवढे साधे वाक्य पुरते. मज्जारज्जू हा शब्द शक्य तेथे टाळावा.

दुसरी, श्वासाच्या तक्रारीसाठी मराठीत असलेले शब्दभेद परिभाषेने गमावू नयेत. धाप लागते, दम पुरत नाही, जीव गुदमरतो, घुसमट होते, या चार तक्रारी एकच नव्हेत. पहिलीत श्वासाची गती आहे, दुसरीत बोलण्याचा वा श्रमाचा अवधी, तिसऱ्या-चौथीत हवा न मिळण्याची भीती. 'श्वसनास त्रास' या एका सरकारी शब्दप्रयोगात सर्व बसविले की, रुग्णाने नेमके सांगितलेले ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही.

तिसरी, खोकणे आणि खाकरणे यांतील भेद. मानेत इजा झालेला रुग्ण खाकरू शकतो, कारण त्यात मुख्यतः कंठ आहे. त्याला खोकता येत नाही, कारण त्यात पोट आहे. 'खोक' असे सांगणाऱ्याला तो खाकरून दाखवितो आणि त्याने कसूर केली असे ठरते. त्याच्या पोटावर, बरगड्यांच्या खाली, तळहात ठेवून उच्छ्वासाच्या क्षणी वर-आत दाब देणारा माणूस हवा असतो. हे शिकविताना घरच्यांना सांगावे लागते की, कंठ त्याचा आणि पोट तुमचे. ज्या घरी रात्री दोन वाजता कफ दाटतो, तेथे सुषुम्नेच्या चर्चेपेक्षा या दोन क्रियापदांतील भेद नीट कळणे अधिक निकडीचे आहे.